ह्यांचा अर्धवट बदल

सोलापूर, मंगळवार, दिवेलागण

हे गेल्यापासून रोज ह्यांच्या त्या कंपायलरच्या, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कामाचं इंटरनेटवरचं पान उघडते. जगभरचे लोक मिळून ते फुकट करतात. ह्यांचा शेवटचा बदल तिथे अर्धवट पडलाय. मशीनचा कोड अनेक थ्रेडनी, म्हणजे कामाच्या शेजारी शेजारी चालणाऱ्या धाग्यांनी, एकदम तयार करायचा, पण त्याचा क्रम दर वेळी तोच राहिला पाहिजे, एवढं मला वाचून वाचून कळलं. खाली जर्मनीतल्या एकाने पुन्हा विचारलंय, "वीरेश, क्रम तपासलास का?" उत्तर आलं नाही तर बदल बंद करणार.

लेक म्हणाली, "आई, कळव की त्यांना. बाबा कधी वेळेवर उत्तर द्यायचे नाहीत, म्हणून बिचारे थांबलेत."

थोडं हसू आलं. पण मी कळवत का नव्हते? "वीरेश, तपासलास का?" ह्यांना जिवंत समजून बोलणारं तेवढंच एक ठिकाण उरलं होतं.

तरी काम वाया जायला नको. जन्मात न घेतलेलं नाव टाईप केलं. वीरेश आता नाहीत.

लगेच उत्तर आलं. फार वाईट वाटलं, उरलेलं आम्ही पूर्ण करू. मग कोण काय करणार, हे त्यांचं आपसात सुरू झालं. ह्यांना कुणी काही विचारलं नाही.