फोन नंबर नसलेली बँक

आई, तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात मी एक बँक काढली. तुला ती बँक वाटणार नाही, कारण तिला ना शाखा, ना काउंटर. सगळी लोकांच्या फोनमध्ये. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहराच्या लायब्ररीतल्या एका टेबलावर आम्ही तिघांनी ती सुरू केली. ज्यांची कमाई दर आठवड्याला कमी-जास्त होते, ज्यांना मोठ्या बँका दारात उभं करत नाहीत, त्यांच्यासाठी. गुंतवणूकदारांना मी तुझीच गोष्ट सांगितली: मिरजेत दुकानोदुकानी फिरून लोकांची रोजची पाच-दहा रुपयांची बचत गोळा करणारी पिग्मी एजंट. एकीने तर डोळे पुसले. पैसे मिळाले.

सुरुवातीला ग्राहकांचे फोन माझ्याच मोबाइलवर यायचे. ग्रोसरीच्या रांगेत उभी राहून मी कुणाचं अडलेलं कार्ड सुरू करून द्यायचे. मग ग्राहक लाखांवर गेले आणि फोन उचलणाऱ्यांचा खर्च डोईजड व्हायला लागला. मीटिंगमध्ये मीच म्हणाले, "ॲपमधून फोन नंबर काढून टाकू." आमचा नागपूरचा पार्टनर म्हणाला, "यार, वयस्कर लोकांचं काय?" मी म्हणाले, "चॅटवर विचारतील." नंबर निघाला.

मिरजेतली एक दुपार आठवते. मी शाळेत आहे, उन्हाळ्याची सुट्टी आहे, तुझा पाय मुरगळलाय, म्हणून पिग्मीची फेरी मी करून आले आहे. तू स्वयंपाकघरात गवार निवडते आहेस. मी सांगते, कासाराचं दुकान दोन दिवस बंद आहे, म्हणून पुढे गेले. तुझा हात थांबतो. "दोन दिवस बंद आहे आणि शेजारी विचारलंसुद्धा नाहीस?"

"आपलं काम पैसे घ्यायचं," मी म्हणते.

तू लंगडत चपला शोधायला लागतेस. कासारीणबाई दवाखान्यात होत्या. दुसऱ्या दिवशी पतसंस्था उघडताच त्यांची साठलेली रक्कम काढून तू स्वतः दवाखान्यात पोचवलीस. माझ्याशी दोन दिवस बोलली नाहीस.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसच्या लॉबीत एक बाई येऊन बसल्या. स्कूल बस चालवतात. नवा फोन घेतला, आणि आमच्या सिस्टमला संशय आल्यामुळे त्यांचं खातं बंद पडलं. फार्मसीत इन्सुलिन घेताना कार्ड चाललं नाही. शेजारणीने पैसे दिले. चॅटचे छापलेले कागद त्यांनी माझ्यापुढे धरले. "नऊ दिवस मी मशीनशी बोलतेय. तू तरी माणूस आहेस ना?"

खातं सुरू करायला मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. जाताना त्यांनी विचारलं, "फोन नंबर का नाही ठेवला?"

"कंपनीची पॉलिसी आहे," मी म्हणाले. जणू ती कुणा दुसऱ्याने केली होती.

"तुला उगाच त्रास दिला," असं म्हणून त्या पार्किंगकडे गेल्या. त्या आठवड्यात त्यांनी आमच्याकडचं खातं बंद केलं. कारण विचारणाऱ्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं.

हे सगळं मी पार्टनरला सांगितलेलं नाही, घरीही नाही. हा कागदही ड्रॉवरमध्येच राहील. सोमवारच्या मीटिंगमध्ये नंबर परत लावण्याचा विषय काढायचा असं ठरवून गेले होते, आई. तिथे नव्या ग्राहकांचा आलेख दाखवला, टाळ्या झाल्या, आणि मी गप्प बसले.