पन्नास अंशांचं पाणी

हिकरी बेंड, टेनेसी
९ फेब्रुवारी १९८३

चि. होलिस यास ओपलताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण तुझे दाजी. डिसेंबरात इस्पितळातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं होतं, ते तुला फोनवर सांगता आलं नाही, हे शेजारीच बसले होते. अर्धं हृदय निकामी झालंय, काही महिनेच हातात आहेत. पुन्हा झटका आला तर उठणार नाहीत, आणि हे त्यांना कळू देऊ नका, धास्तीनेच जातील, असं म्हणाले. मी यांना एवढंच सांगितलंय की उन्हाळ्यापर्यंत विश्रांती घ्यायची.

आता दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून गळाला लावायचे देवदाराचे ते लाकडी मासे घासत असतात, क्रँकबेट की काय ते. लालभडक रंगवलेत, नदीतल्या झिंग्यांसारखे. मला वाटलं, बरं झालं, जीव रमतोय. पण काल बोटीच्या धक्क्यावर गेले आणि दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडून आले. चव्वेचाळीस अंश फॅरनहाइट, बर्फापेक्षा जरासंच बरं. पन्नास झालं की हा माणूस घरात थांबायचा नाही, हे तुला सांगायला नको. ज्या हवेत मी कपडे वाळत घालणार नाही, नेमकी तीच हवा यांना लागते. आणि जाणार एकटे. त्या गारठ्यात बोट कलंडली तर चांगल्या धडधाकट माणसाचे हातपाय दहा मिनिटांत आखडतात.

दरवर्षीसारखं ते तुझ्या मासेमारीच्या वहीतली माहिती मागवतील. तू लिही की अजून वेळ आहे. जून लिही, ऊन लिही, वारा नको लिही. हल्ली चष्मा कुठे ठेवला तेही त्यांना आठवत नाही, तुझं ऐकतील.

तुझी पॅट्सी तुला वेळेवर जेवायला घालते ना? ताईवर माया असेल तर एवढं कर.

तुझी ओपलताई

*

डेटन, ओहायो
१५ फेब्रुवारी १९८३

ती. ओपलताईस होलिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला. त्याच दिवशी दाजींचंही पत्र आलं. गेल्या दहा वर्षांत कुठल्या तारखेला पाणी किती होतं, वारा कुठला होता, सगळं वहीतून उतरवून पाठव म्हणतात.

ताई, दाजींशी मी काय कमी खोटं बोललोय? माशाची लांबी, सिगारेटी, ट्रकला पडलेला तो पोचा. पण पाण्याबद्दल कधी नाही. नऊ वर्षांचा असताना त्यांनी मला बोटीत बसवलं ते हेच शिकवायला. मी वही काढून बसलो. जो जो दिवस चांगला म्हणून लिहिलाय, तो वाचून तू डोळे मिटून घेशील. फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य, पाणी पन्नासच्या आसपास, दक्षिणेचा वारा दगडांवर आपटतोय, ढग खाली आलेत, पाणी जरासं गढूळ. तेव्हाच बास मासा खोलातून वर येतो, दगडांतले झिंगे खायला, आणि त्या खळबळीत त्याला लाकूड ओळखू येत नाही. स्वच्छ, शांत दिवशी तो ढुंकूनही बघत नाही.

तीन पत्रं लिहून फाडली. चौथं सोबत ठेवलंय. तूच वाच आणि द्यावंसं वाटलं तर दे. मला तर हे लिहिताना त्यांच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं. तुझ्या चिठ्ठीची वाट बघतोय, जीव टांगणीला लागलाय.

तुझा होलिस

*

डेटन, ओहायो
१५ फेब्रुवारी १९८३

ती. दाजींस होलिसचा सा. न. वि. वि.

वही नीट पाहिली. गंमत अशी की सगळे मोठे मासे जूनमधलेच निघाले. त्याआधी जाणं म्हणजे फुकटची दगदग. वारा अजिबात नसावा, पाणी आरशासारखं, भर दुपारचं लख्ख ऊन, आणि काठालगतच्या उथळात गळ टाकावा. तेव्हा तोवर घरी बसा, ताई देईल ते गुमान खा, आणि त्या माशांना रंगाचा आणखी एक हात द्या.

आपला होलिस

*

हिकरी बेंड
२४ फेब्रुवारी १९८३

चि. होलिस यास डेल्मरचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जूनमध्ये, भर दुपारी, उथळ संथ पाण्यात अरे कासवसुद्धा तोंड उघडत नाही! जूनला मी जातो तो उजाडायच्या आधी, पाण्याखालच्या जुन्या नदीपात्राच्या कडेला, लांब ओठाचा खोल जाणारा लाकडी मासा घेऊन. हे तुला माहीत नाही असं नाही. चौदा वर्षांचा असताना रेल्वेच्या पुलाखालच्या दगडांतून चार पौंडी बास तूच काढलास, आणि त्या वाऱ्यात माझी टोपी उडाली ती उडालीच.

पहिल्यांदा वाटलं, ओहायोत राहून पोरगं बिघडलं. मग दोन दिवस ओसरीवर बसून विचार केला. तू पाण्याबद्दल उगाच खोटं लिहिणार नाहीस. कुणी लिहायला लावलं तेही उघड आहे. एकतीस वर्षं चिखलाच्या बुटांवरून माझा उद्धार करणारी बाई डिसेंबरपासून त्यावर एक शब्द बोललेली नाही. बिस्किटांवर लोणी मागितलं तर देत नाही, पण तोंड फिरवून डोळे पुसते. म्हणजे डॉक्टर तिच्याजवळ काहीतरी बोललेत.

तिला विचारवत नाही, म्हणून तुला विचारतो. पानं झडतात तेव्हा बारके मासे ओढ्यांत शिरतात आणि बास त्यांच्या मागे लागतात, ते दिवस मला दिसणार का? दिसणार असतील तर हा वसंत मी खुर्चीत बसून काढतो, शपथ घेतो. नसतील, तर मला बसवून ठेवू नका. जे असेल ते सरळ लिही. भीती वाटते रे, नाही म्हणत नाही. पण न कळल्याने ती कमी होत नाहीये.

आज पाणी अठ्ठेचाळीस. माझ्याकडे तिकीट नाही, पत्र ओपलच टाकेल.

डेल्मर

*

हिकरी बेंड
७ मार्च १९८३

चि. होलिस यास ओपलताईचे अ. उ. आ.

यांचं पत्र सोबत पाठवते आहे. टपालघराबाहेर ट्रकमध्ये बसून मी ते फोडलं. चुकलंच माझं, पण एरवी पाकीट उघडंच देतात, या वेळी चिकटवून दिलं होतं. तीन दिवस ते पर्समध्ये घेऊन हिंडले. मग वाटलं, जे मला सोसवत नाही ते तुझ्या गळ्यात का घालू? मीच सांगितलं. टेबलाशी, दिवसाढवळ्या, डॉक्टरांचा शब्दन् शब्द.

यांनी हातातला घासकागद खाली ठेवला. पानगळीपर्यंत म्हणाले का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही म्हणाले. मग म्हणाले, अडीच महिने हे एकटीने वाहिलंस, माझंच चुकलं, मला आधी ओळखायला हवं होतं. तेव्हा मी जी रडले ती रडलेच.

एकटं जायचं नाही, एवढी एकच अट मी घातली. शनिवारी पाणी एक्कावन्न होतं, आभाळ खाली आलेलं, वारा असा की धक्काही हलत होता. मला पोहता येत नाही, लग्नानंतर त्या बोटीत पाय ठेवला नव्हता, तरी बसले. त्यांच्या जाकिटाच्या दोऱ्यांना दोन-दोन गाठी मारल्या. दोन्ही हातांनी फळी धरून मी पाण्याकडे नाही, त्यांच्या छातीकडे बघत होते, वरखाली होते आहे ना म्हणून. तीन बास काढले आणि तिन्ही सोडून दिले.

मग गळ माझ्या हातात दिला. लाकडी मासा दगडाला घासला पाहिजे, अडला की ओढायचं नाही, क्षणभर सैल सोडायचं, तो आपणच वर येतो. वारा कुठला, पाणी किती, ढग कसे, माझ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, चुकले की पुन्हा. मला वाटलं चेष्टा चालली आहे, म्हणून म्हटलं, या वयात मला कशाला शिकवता? तर गळाकडे बघत म्हणाले, ‘पुढच्या मार्चला वारा सुटला की तू घरात बसायची नाहीस, ओपल, मी तुला ओळखतो. होलिसला लिही, तिला एकटीला जाऊ देऊ नकोस म्हणावं.’

लिहिते आहे. पण पुढचा मार्च नको, होलिस, आत्ताच ये. कारखान्यात काय हवं ते सांग आणि बस पकड. आज पाणी बावन्न अंश, वारा दक्षिणेचा, थोडं गढूळ. असं अजून आठ-दहा दिवस राहील. यातलं काही खोटं नाही.

वाट पाहणारी,
ओपलताई