नळाच्या पाण्याचं शून्य

बाळाच्या आईस,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बाळाचा खोकला गेला का?

इथे प्रयोगशाळेत मी गावाचं पाणी तपासतो; त्यात शिसं असेल तर औषध घातल्यावर रंग चढतो. रंग जितका गडद तितका मशीनमधला उजेड अडतो, त्यावरून शिसं किती ते कळतं. आधी शुद्ध पाण्यात तेच औषध घालून त्यावर मशीन शून्यावर आणायचं. शुद्ध पाणी संपलं, कोण मागवत बसणार म्हणून मी महिनाभर नळाचंच वापरलं. त्यातच शिसं होतं गं! मशीनने विषालाच शून्य धरलं.

'पिण्यास योग्य' या सगळ्या कागदांवर माझीच सही आहे. साहेबांना आत्ताच सांगून आलो.

मागच्या पत्रात मीच लिहिलं होतं, इथलं पाणी चांगलं आहे, बाळाला घेऊन ये.

तू निघायच्या आत हे पोचू दे. येऊ नकोस.

तुझाच