माझ्यामागे माझा आवाज बोलू नये

मी, श्रीमती चंदना बाबासो मगदूम, वय सदुसष्ट, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. 'दडपणाखाली न येता' हे शब्द आदितीने घालायला लावले. ती माझ्या भावाची मुलगी, जयसिंगपूरला वकिली करते. दडपणाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते पुढे लिहिले आहे.

१. शाहूपुरीतील राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात माझा एकुलता मुलगा जिनेश यास मिळावे.

२. पाटा-वरवंटा कागलच्या माझ्या नणंदेला, झुंबरबाईंना द्यावा. सासूबाईंच्या मागे तो मी ठेवून घेतला म्हणून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. माझ्या यूट्यूबवरच्या व्हिडिओंखाली दुसऱ्याच नावाने 'मीठ जास्त' असे लिहितात त्या याच, हे मला ठाऊक आहे. तरी द्यावा.

३. 'चंदनाक्काचं स्वयंपाकघर' या यूट्यूब चॅनेलविषयी. लॉकडाऊनमध्ये माझ्या पतींनी मला मुगाची आमटी करताना मोबाईलवर टिपले, आणि जिनेशने ते सगळ्यांना दाखवले. आमचा जैनांचा कांदा-लसणाशिवायचा स्वयंपाक लोकांना इतका आवडेल असे वाटले नव्हते. जिनेशने कारखान्यातली नोकरी सोडली, पुण्याच्या एका कंपनीशी करार केला. नाव माझे, खाते त्याचे, पासवर्डही त्याच्याकडेच. घर त्यावर चालते, म्हणून थांबते म्हणायची सोय राहिली नाही. देवळाच्या पायरीवरसुद्धा बायका गाठतात, "अक्का, एकदा 'या, बसा, जेवा' म्हणा की!" हे वाक्य माझे नाही, कंपनीने दिलेले आहे. मी म्हणते.

माझे पती गेले तेव्हा दुखवट्यातच संक्रांतीचा व्हिडिओ करायचा होता. जिनेश म्हणाला, "आई, करार हाय. एवढं एकच कर." कॅमेऱ्यामागे तो रडत होता आणि पुढे मी हसत होते. आजवर सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला व्हिडिओ तोच.

४. कंपनीचा राजवीर नावाचा मुलगा येऊन माझ्याकडून वाक्ये वाचून घेऊन गेला. हसून, रागावून, हळू आवाजात. "काकू, आवाज साठवून ठेवतोय. घसा बसला तर उपयोगी पडंल." मोबाईलवर बोटाने सही करून घेतली.

यंदा दशलक्षण पर्वात मी उपवास व मौन धरले होते. शेजारची रशिदा मोबाईल घेऊन धावत आली. "चंदना, तू लसूण कधीपासनं खायाला लागलीस गं?" मोबाईलमध्ये मीच होते, माझीच साडी, माझाच चेहरा. मिसळीचा कट करत मी म्हणत होते, "आता लसणाच्या पाकळ्या छान ठेचून घालूया." जन्मात मी लसणाला हात लावलेला नाही. आणि मौन असल्यामुळे ही मी नव्हे, एवढेही रशिदाला सांगता येईना. मी नुसती मान हलवत राहिले.

पारणे झाल्यावर जिनेशला विचारले. तो म्हणाला, "तू उपासाला बसलीवतीस, व्हिडिओ द्यायचा राहिलता, म्हणून कंपनीनं कॉम्प्युटरवर बनवला. आणि आई, आता तुला काळजी न्हाय. आवाज हाय, चेहरा हाय. तू गेल्यावरबी तू असशीलच की." हे तो प्रेमाने बोलला. मला मात्र कोणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखे झाले. मेल्यावर तरी सुटका असते, असे मी धरून चालले होते.

५. म्हणून माझी इच्छा अशी : माझ्या मृत्यूनंतर माझ्या आवाजाचा वा चेहऱ्याचा एकही नवा व्हिडिओ करू नये. कंपनीकडचा साठवलेला आवाज व चेहरा पुसून टाकावा. मी स्वतः केलेले जुने व्हिडिओ राहू द्यावेत, त्यांचे उत्पन्न जिनेशने घ्यावे. लसणाचा मात्र काढावा. मी वारले आहे, हे चॅनेलवर साध्या शब्दांत लिहावे. हे पार पाडण्यासाठी मी आदितीस नेमते.

आदिती म्हणाली, "आत्या, याबाबतचा कायदा अजून नीट ठरलेला नाही. कंपनी भांडेल. तू घरावर अट घाल. नवा व्हिडिओ केला तर घर जाईल, असं लिही." मी नको म्हटले. घरात सून आहे, नातवंड आहे. त्यांना रस्त्यावर काढून मला माझा आवाज सोडवायचा नाही. तेव्हा या कलमाला कुलूप नाही, हे मला समजते.

६. माझ्या जुन्या मोबाईलमध्ये पतींचे आवाजी निरोप आहेत. "दोडका जून हाय, दुधी आणतो." "पावसात अडकलोय, जेवून घे." तो मोबाईल जिनेशला द्यावा. त्याने बापाचा आवाज हवा तेव्हा ऐकावा, पण त्यांच्या तोंडी नवे वाक्य घालू नये. ते जेवढे बोलले तेवढेच त्यांचे.

७. सही करण्यापूर्वी हा कागद मी जिनेशला वाचायला दिला. त्याने उभ्याउभ्याच वाचला. मग म्हणाला, "मग तू गेल्यावर आम्ही काय खायाचं, आई?" रागाने नाही, खरेच विचारले. खाली 'वाचले, मान्य आहे' यापुढे सही कर, असे मी सांगितले. त्याने पेन हातात धरून ठेवले, मग "बघू" म्हणून माझ्यासमोर ठेवले आणि तो स्वयंपाकघरात गेला. आता तिथून हाक मारतो आहे, "आई, आवरलं का? कॅमेरा लावलाय."

साक्षीदार समोर बसले आहेत. सही करते आणि जाते.

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) चंदना बाबासो मगदूम

चंदनाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :
१. (सही) रशिदा हुसेन बागवान, शेजारी
२. (सही) जोतीराम गणपतराव सुतार, शेजारी

वाचले, मान्य आहे : ....................
(जिनेश बाबासो मगदूम)