तिच्यातर्फे कोण हजर

"आज तुझ्यातर्फे मी उभा राहतो, उद्या तुझी तू ये," असं माझे सर, ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले, एकदा मला कोर्टाच्या जिन्यात म्हणाले होते. माझ्या तोंडाला वास येत होता आणि माझ्या केसचा पुकारा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी न पिता गेले. म्हणूनच आज, धंद्याने वकील असलेली मी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहू शकते आहे. दारू सुटली, यकृताने मात्र माफ केलं नाही.

१. माझ्या राहत्या दोन खोल्या धाकट्या बहिणीला द्याव्यात. तीही वकील आहे. फडताळं उचकू नकोस गं, डब्यांत आता खरोखरच पीठ आहे.

२. काळा गाऊन आमच्या गुरुवारच्या बैठकीला. दारू सोडू पाहणारे वकील, कारकून, न्यायाधीश तिथे जमतात. गाऊनच्या खिशात लिंबाच्या गोळ्या आहेत. उलटतपासणीत ज्याचे हात थरथरतील, त्याने एक गालात धरावी. माझी शिल्लक बैठकीच्या खोलीच्या भाड्यासाठी.

३. दर वाढदिवसाला "एका घोटाने काय होतंय, मॅडम?" म्हणत बाटली पाठवणाऱ्या, कोर्टात माझ्याविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकीलसाहेबांना मी माफ करत नाही. त्यांना माझे सगळे रिकामे ग्लास. बैठकीत त्यांच्यासाठी जागा आहे, हेही कळवावं.

४. बैठकीतली सरांची खुर्ची. ती कोणाला देता येईल असं मला वाटत नाही.

बैठकीच्या सुरुवातीला एक निवृत्त न्यायाधीश कोर्टासारखा एकेकाचा पुकारा करतात. आपण "हजर" म्हणायचं. सर वारले, तरी त्यांची खुर्ची कोणी हलवली नाही. बहिणीचं नाव मीच यादीत घातलं. ती कधी आली नाही. "ताई, तुझ्या त्या रडक्या मंडळात मला ओढू नकोस. मला काय धाड भरलीय?"

गेल्या गुरुवारी तिचं नाव तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, "तिच्यातर्फे मी हजर आहे."

कोणी मान वर केली नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, "नोंद घ्या," म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

मी तिथूनच बहिणीला फोन लावला. तिची जीभ जड झाली होती. "ताई, तुझ्या सरांना कशाला पाठवलंस? दारात उभे आहेत. आत या म्हटलं तर हसतात नुसते."

सर भले होते. पण जिवंत माणसाचं वकीलपत्र मेलेल्याकडे असू नये.

५. मी गेल्यावर माझं नाव पुकारू नये. मला उत्तर द्यायची सवय आहे.

याची एक प्रत मी आजच बहिणीच्या दाराखालून आत सरकवणार आहे. माझ्या मरणापर्यंत थांबायला मला वेळ आहे. तिला आहे का, ठाऊक नाही.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर
दिनांक: गुरुवार, बैठकीचा दिवस
सही: थोरली
साक्षीदार: निवृत्त न्यायाधीश, शेजारच्या शिंपीणबाई (सही केली, वाचायला नको म्हणाल्या)

धाकटे, आज संध्याकाळी बैठकीला ये. काही सांगू नकोस, रडू नकोस, हवं तर पिऊन ये. फक्त तिसऱ्या पुकाऱ्याआधी स्वतःच्या तोंडाने "हजर" म्हण. तू नाहीच म्हणशील, मला माहीत आहे. तरी ये.