रेवाचा नुस्ता भात

मिठबाव

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. इथे राहायला येऊन तीन महिने झाले, आता रुळलोय. हे बोटीवर आहेत, फोन येतो. बाबांचा गुडघा कसा आहे?

रेवा दोन वर्षांची झाली. तिला किती शब्द येतात ते लिहून आणा, असं डॉक्टर म्हणालेत. पन्नास तरी हवेत. मी मोजले तर एकतीसच भरले. पण ती हुशार आहे गं, खरंच.

रेवाला एरवी सासूबाईच भरवतात, पण त्या तीन दिवस विजयदुर्गला बहिणीकडे होत्या. तेव्हा रेवा जेवताना रोज "नुत्ता, नुत्ता" म्हणायची. मी नुसता भात द्यायचे आणि ती ताट ढकलून रडायची. मला वाटलं, हिला अर्थच कळत नाही. काल सासूबाई आल्या आणि ते ऐकून हसतच सुटल्या.

"अगो, चेडू मासो मागता! आमच्यात माशाक नुस्ता म्हणतत. तुझ्या आवशीन तुका शिकवल्यान नाय?"

रागावू नकोस, त्या प्रेमानेच म्हणाल्या.

आता "नुस्ता" यादीत घालू का? "माका" आणि "खंय", म्हणजे कुठे, हे मी चुकीचे म्हणून खोडले होते. "मला" आणि "माका" हे दोन शब्द धरायचे की एकच? जास्त धरले तर डॉक्टरांना फसवल्यासारखं होईल.

शाळेआधी तूच मला घरी शिकवलंस, म्हणून तुला विचारते. असे आणखी किती शब्द ती बोलली असेल, आणि मी ते नुसतं रडणं समजले असेन?

लवकर कळव.

तुझी,
मृण्मयी