शाम्पू आहे, त्याला येऊ द्या

डोळे मिटून मी अकरावा श्वास सोडत होतो, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका ताडकन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, “शाम्पू!”

ती. ताईस नमस्कार. (हा आधी यायला हवा होता, पण प्रसंगच असा की थांबवेना.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजी बरे असतील. त्यांच्या अत्तरापायी चार वर्षं मी तुझ्या घरी पाऊल टाकलं नाही, याचा तुला राग आहे, ठाऊक आहे. मला तरी कुठे बरं वाटतं? रंगाचं दुकान सोडल्यापासून फिनेल, पावडर, नवी चप्पल, काहीही नाकाशी आलं की डोकं ठणकतं आणि श्वास अडकतो. म्हणून डॉक्टरांनी मला या ध्यानाच्या वर्गात घातलं. आम्ही सातजण, सगळे एकाच दुखण्याचे. वास आला की पळायचं नाही. ‘वास आहे’ एवढंच मनाशी म्हणायचं आणि श्वासाकडे परतायचं. साबण, तेल, पावडर लावून यायला बंदी. (त्यामुळे सातजणांचा मिळून जो वास येतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही. तो रासायनिक नाही.)

तर शाम्पू. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या संथ आवाजात म्हणाल्या, “शाम्पू आहे. त्याला येऊ द्या.” पण तोवर आम्ही रांगेने एकमेकांची डोकी हुंगू लागलो होतो. सातही डोकी निर्दोष निघाली, तेव्हा सगळे बाईंकडे वळलो. “मला कोंडा झालाय,” बाई म्हणाल्या, त्याच संथ आवाजात. मतदान झालं. बाईंना अंगणात पाठवून आम्ही काचा लावून घेतल्या. त्या बिचाऱ्या बाहेरून खुणांनी शिकवू लागल्या. पहिली खूण डोळे मिटायची होती. आम्ही मिटले. पुढच्या खुणा कोणी पाहिल्याच नाहीत. पावणेदोन तास बसलो, ताई. बाई काचेवर थापा मारत होत्या आणि आम्ही मनाशी ‘आवाज आहे’ म्हणत होतो. शेवटी कुलूप लावायला आलेल्या शिपायाने उठवलं. इतका वेळ कुठलाच वर्ग बसला नव्हता म्हणे. बाईंनी तिथल्या तिथे प्रमाणपत्रं काढली. ती नुकतीच लॅमिनेट केलेली होती, म्हणून कोणी हातात घेतली नाहीत.

पण खरं सांगतो, फरक पडलाय. काल जिन्यात कोणी फिनेल ओतलं होतं. पूर्वी मी गच्चीवर पळालो असतो. काल उभा राहिलो. डोकं दुखलं. मग घरी आलो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तुझं पत्र आलंय. शाईचा वास जावा म्हणून नेहमीसारखं तीन दिवस दोरीवर चिमट्याने टांगलंय. उद्या वाचेन.

आणखी ता. क. मी यायचं म्हणतोय. फक्त तेवढे दोन दिवस भावजींना अत्तर सोडायला सांगशील का? माझं नाव न घेता सांग.

शेवटचा ता. क. सकाळी तुझं पत्र वाचलं. भावजी कामासाठी आजच येतायत, माझ्याकडे उतरतील, आणि माझ्यासाठी त्यांनी आठ दिवस अत्तर, तेल, साबण सगळं बंद केलंय, असं तू लिहिलंस. वाचून होतंय तोच ते दारात, हात पसरून उभे. मी तीन श्वास घेतले. ‘भावजी आहेत,’ असं मनाशी म्हटलं आणि मिठी मारली. मग खालच्या दुकानात जाऊन साबण आणला. वासाचा मागून घेतला.